बंद पडलेले जुने नाट्यगृह वाचवायचे आहे? छपरापासून सुरुवात करा

वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेले एखादे नाट्यगृह पाडले जाणार अशी कुणकुण लागते, दहा-पंधरा माणसे एकत्र येतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही बांधकामाचे, कायद्याचे किंवा हिशेबाचे ज्ञान नसते. आमचा गट असाच होता. सुरुवातीला आम्हाला पैशाची चिंता सर्वांत मोठी वाटत होती; प्रत्यक्षात आम्हाला सर्वाधिक नुकसान सोसावे लागले ते योग्य कामे चुकीच्या क्रमाने केल्यामुळे. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही दर्शनी भिंत घासूनपुसून रंगवली, कारण तिचे छायाचित्र चांगले येते आणि देणगीदारांना दाखवता येते. त्यानंतरच्या पावसाळ्यात कठड्यामागची पन्हळ तुंबली, पाणी आतल्या बाजूने उतरले, आणि रंगमंचाच्या कमानीवरचे नक्षीकाम एका रात्रीत मोठ्या प्रमाणावर ढासळले. रंग बाहेर शाबूत होता. पुढील टप्पे त्या अनुभवातून लिहिले आहेत, आणि त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये.

१. झाडू हातात घेण्याआधी कागद

वास्तू कोणाची आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची, आणि प्रयोग करण्याचा हक्क तिसऱ्याच संस्थेकडे, असे गुंते जुन्या नाट्यगृहांच्या बाबतीत वारंवार आढळतात. मूळ मालकाच्या वारसांमध्ये वाटणी झालेली नसेल, तर एका वारसाने दिलेल्या परवानगीला दुसरा वारस कधीही आव्हान देऊ शकतो. म्हणून पहिले काही महिने वकिलाच्या मदतीने कागदपत्रे गोळा करण्यात गेले, तरी ते वाया गेले असे समजू नका.

एकत्र कराव्या लागणाऱ्या कागदपत्रांत पुढील गोष्टी प्रामुख्याने येतात:

- जमीन आणि इमारत यांच्या मालकीचे उतारे, तसेच त्यांवर कर्ज किंवा दावा असल्यास त्याची नोंद
- मूळ बांधकामाचे आणि नंतरच्या फेरफारांचे मंजूर नकाशे
- इमारत वारसा यादीत असल्यास तिची श्रेणी आणि त्यासोबतची बंधने
- थकीत कर, वीज आणि पाणी यांची बिले (ही अनेकदा धक्का देणारी असतात)
- प्रयोगांच्या जुन्या परवान्यांच्या प्रती
- तुमच्या गटाची नोंदणी, घटना आणि दोन सह्यांनी चालणारे बँक खाते

येथील सर्वांत मोठा सापळा म्हणजे तोंडी परवानगी. मालक सज्जन असतो, चहा पाजतो, «तुमचेच समजा» म्हणतो, आणि तुम्ही छप्पर दुरुस्त केल्यावर इमारतीची किंमत वाढल्याचे त्याच्या लक्षात येते. दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी दीर्घ मुदतीचा लेखी भाडेपट्टा किंवा करार हातात असलाच पाहिजे, आणि करार मुदतीआधी संपल्यास केलेल्या सुधारणांचे काय होणार, हेही त्यातच स्पष्ट लिहिलेले असावे. मोठे देणगीदार आणि अनुदान देणाऱ्या संस्था सर्वप्रथम हाच कागद मागतात.

२. उत्साही माणसांना बाहेर थांबवा

चावी मिळाल्याच्या दिवशी सर्वांना आत जायचे असते. त्या दिवशी आत फक्त संरचना अभियंता आणि त्याच्यासोबत एखाद-दुसरी व्यक्ती जावी, बाकीच्यांनी अंगणात थांबावे, असा नियम करा आणि त्याबद्दल वाईटपणा घेण्याची तयारी ठेवा.

धोका बहुतेक वेळा डोक्यावर असतो. लंडनमधील १९०१ साली उघडलेल्या अपोलो थिएटरमध्ये १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रयोग चालू असताना छताचा भाग प्रेक्षकांवर कोसळला आणि सत्तरहून अधिक माणसे जखमी झाली. ते नाट्यगृह बंद पडलेले नव्हते, रोज भरत होते. छताचे प्लॅस्टर ज्या तागाच्या कापडी बांधांनी वरच्या लाकडी सांगाड्याला धरून ठेवले होते, ते बांध शंभरेक वर्षांत जीर्ण झाले होते. खालून पाहणाऱ्याला नक्षीदार छत धडधाकट दिसते. त्याची खरी अवस्था माळ्यावर चढून, वरच्या बाजूनेच तपासावी लागते. तुमच्या अभियंत्याने केवळ खालून विजेरी मारून अहवाल दिला, तर तो अहवाल स्वीकारू नका.

रंगमंचाच्या वर पडदे आणि नेपथ्य ओढण्याचे दोर, कप्प्या आणि वजने टांगलेली असतात. जुना दोर बाहेरून ठीक दिसला तरी आतून कुजलेला असू शकतो, आणि एक गाठ सोडल्यामुळे दुसऱ्या टोकाचे वजन खाली येऊ शकते. तिथल्या कशालाही हात लावू नका. रंगमंचाच्या यंत्रणेचा अनुभव असलेल्या माणसालाच ते उतरवू द्या. जुने अग्निरोधक पडदे, नळांवरची वेष्टणे आणि पत्रे यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, तर जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते. तपासणीचा निकाल येईपर्यंत काहीही तोडू, घासू किंवा कोरडे खरवडू नये. कबुतरांच्या विष्ठेचीही थट्टा करू नका. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना बुरशीजन्य संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे ती आधी ओली करून, योग्य मास्क, हातमोजे आणि चष्मा घालूनच उचलावी. जुनी वायरिंग मुख्य जोडणीपासून तोडून घ्या आणि कामापुरता तात्पुरता, सुरक्षित वीजपुरवठा वेगळा घ्या.

३. पाणी थांबवा

या टप्प्याला दिखाऊपणा नाही, म्हणून तो मागे पडतो. छप्पर, पन्हळी, पावसाचे पाणी खाली नेणारे नळ आणि इमारतीभोवतालचा निचरा, एवढेच काम आधी करा. कौले किंवा पत्रे बदलण्याइतके पैसे नसतील, तर चांगल्या प्रतीची ताडपत्री नीट बांधा आणि तुंबलेल्या पन्हळी मोकळ्या करा. हे तुलनेने किरकोळ खर्चाचे काम पुढचे फार मोठे नुकसान टाळते. भिंतींत उगवलेली झाडांची रोपे उपटू नका, कारण मुळांसोबत दगड-विटाही निघतात. ती कापून, मुळे मारून, मग फट बुजवावी लागते.

लाकडातील ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र पहिल्या महिन्यातच विकत घ्या. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिले, तर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. तुळयांची टोके जिथे भिंतीत शिरतात, तिथे दर महिन्याला मोजणी करून तारखेसह वहीत उतरवा. आमच्याकडे ही मोजणी शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी हाती घेतली होती, आणि पश्चिमेच्या भिंतीतील गळती अभियंत्याच्याही आधी त्यांच्या वहीतील आकड्यांनी दाखवून दिली.

४. मोडण्याआधी नोंद

प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी छायाचित्र, प्रत्येक दाराला क्रमांक, निखळलेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी, आणि तो कुठून निघाला हे दाखवणारा आराखडा, इतके झाल्याशिवाय एकही वस्तू जागची हलवू नये. नक्षीकामाचे पडलेले तुकडे राडारोडा म्हणून फेकून देणे ही स्वयंसेवकांच्या हातून होणारी नेहमीची चूक आहे. त्याच तुकड्यांवरून साचा काढून उरलेली नक्षी पुन्हा घडवता येते.

सोबतच माणसांच्या आठवणीही गोळा करा. जुने डोअरकीपर, रंगभूषाकार, तिकीटखिडकीवर बसलेली माणसे, पहिल्या रांगेत बसून नाटके पाहिलेले प्रेक्षक, या सर्वांशी बोला, त्यांचे ध्वनिमुद्रण करा आणि त्यांच्याकडची छायाचित्रे, जाहिराती व तिकिटे यांच्या प्रती काढून मूळ वस्तू त्यांना परत करा. पडद्याचा मूळ रंग कोणता होता किंवा पिटात (रंगमंचासमोरच्या वादकांच्या खोलगट जागेत) उतरण्याची दुसरी वाट कुठे होती, अशा प्रश्नांची उत्तरे नकाशात सापडत नाहीत.

५. नेमके कोणते नाट्यगृह परत आणायचे?

शंभर वर्षे जुन्या वास्तूत चार-पाच काळ एकावर एक साचलेले असतात. मूळ रंग, नंतरचा तैलरंग, पुढे कधीतरी चित्रपटांसाठी बांधलेली प्रक्षेपण खोली, आणि शेवटी लावलेले प्लायवूड. यातील काय ठेवायचे यावरून गटात भांडणे होतात, आणि ती लवकर झालेली बरी.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने यासाठी एक उपयुक्त मर्यादा घालून दिली आहे: जिथे पुरावा संपून तर्क सुरू होतो, तिथे पुनर्स्थापनेने थांबावे. १९७९ साली प्रथम स्वीकारलेली ऑस्ट्रेलियातील बर्रा सनद असे सांगते की वास्तू टिकावी आणि वापरता यावी यासाठी जेवढे आवश्यक आहे तेवढे करावे, पण त्यापलीकडे तिच्यात कमीत कमी बदल करावा. लंडनमधील १८५९ सालचे विल्टन्स म्युझिक हॉल हे याचे चांगले उदाहरण आहे. १९६० च्या दशकात ते पाडले जाणार होते, पण लोकांच्या मोहिमेमुळे वाचले, आणि २०१५ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली तेव्हा भिंतींवरच्या काळाच्या खुणा मुद्दाम राखल्या गेल्या. मला स्वतःला हाच मार्ग पटतो. सोनेरी वर्ख लावून नवीकोरी केलेली जुनी वास्तू काही वेळा लग्नाच्या हॉलसारखी दिसू लागते, आणि स्वयंसेवी गटाला तो खर्चही पेलवत नाही.

या टप्प्यावर जुन्या इमारतींचा अनुभव असलेला वास्तुविशारद नेमा. त्याचे मानधन वाचवण्याचा मोह होईल. तो आवरा.

६. माणसे

येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी काम द्या, पण जोखमीचे काम देऊ नका. सफाई, नोंदी, छायाचित्रे, खुर्च्यांची दुरुस्ती, हिशेब, बागकाम आणि पत्रव्यवहार ही स्वयंसेवकांची कामे आहेत. वीज, उंचावरील काम, भार पेलणाऱ्या भिंती व तुळया आणि ॲस्बेस्टॉस ही नाहीत. कामास सुरुवात होण्याआधी अपघात विमा घ्या, कारण पहिला अपघात अशाच दिवशी होतो ज्या दिवशी विम्याचे कागद कोणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडलेले असतात. आमचा एक मित्र शिडीवरून घसरला, मनगटावर निभावले.

दर आठवड्याला ठरावीक वार आणि ठरावीक वेळ ठेवा. तीन माणसे आली तरी दार उघडा. आणि अध्यक्षपद दर दोन-तीन वर्षांनी बदलेल अशी तरतूद घटनेतच करून ठेवा. एकाच झपाटलेल्या माणसावर उभे राहिलेले प्रकल्प तो माणूस थकला की थांबतात.

७. पैसा दोन खात्यांत

दुरुस्तीचा निधी आणि चालवण्याचा निधी सुरुवातीपासून वेगळे ठेवा. दुरुस्तीला देणारे पुष्कळ भेटतात, कारण त्यांचे नाव भिंतीवर लागते. वीजबिल, विमा, पहारेकरी आणि सफाई यांना देणारा क्वचितच भेटतो. अनेक नाट्यगृहे थाटात उघडतात आणि दोन वर्षांत पुन्हा बंद पडतात, त्यामागे हेच कारण असते.

निधी एकदम मागू नका. काम टप्प्यांत विभागा, प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र अंदाज काढा, आणि एक टप्पा पूर्ण करून दाखवल्यावर पुढच्यासाठी हात पसरा. खुर्ची दत्तक घेण्याची योजना, म्हणजे एका खुर्चीचा खर्च एका देणगीदाराने उचलणे, बहुतेक ठिकाणी चालते, मात्र दत्तक खुर्चीवर बसण्याचा हक्क मिळत नाही, हे पावतीवर स्पष्ट छापा. अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चासाठी किमान पाचवा हिस्सा राखून ठेवावा, असे माझे मत आहे. जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल ते कोणीच सांगू शकत नाही. सामग्रीच्या स्वरूपातील देणग्या घेताना सावध राहा. एका व्यापाऱ्याने आम्हाला चकचकीत फरशा फुकट देऊ केल्या होत्या, आणि त्या नाकारताना आम्हाला फार जड गेले. पण त्या घेतल्या असत्या, तर पुढे नवव्या टप्प्यात सांगितलेली आवाजाची अडचण ओढवली असती.

लोकांना भागीदार करून घेतल्याने काय होते, याचे एक जुने उदाहरण ब्रिस्टलचे आहे. तेथील १७६६ चे थिएटर रॉयल १९४२ मध्ये, ऐन युद्धकाळात, गोदाम होण्याच्या बेतात होते. नागरिकांनी निधीसाठी हाक दिली, ते वाचले, आणि आजही तिथे प्रयोग होतात.

८. दुरुस्ती चालू असतानाची आग

हा टप्पा वेगळा काढण्याचे कारण आहे. बार्सिलोनाचे लिसेउ ऑपेरागृह ३१ जानेवारी १९९४ रोजी जळाले, ते दुरुस्तीच्या कामातील ठिणगी पडद्यावर पडल्यामुळे. व्हेनिसचे ला फेनिचे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ रोजी नूतनीकरण चालू असतानाच भस्मसात झाले. त्या कामावरील दोन वीजतंत्र्यांना न्यायालयाने आग लावल्याबद्दल दोषी ठरवले. भोवतालच्या कालव्यांतील पाणी त्या वेळी सफाईसाठी काढलेले असल्यामुळे अग्निशमन दलाच्या होड्यांना जवळ पोहोचणेही अवघड झाले. कोल्हापूरचे १९१५ सालचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत सापडले, हे अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. लाकूड, कापड, रंग आणि उंच पोकळी एकत्र आल्यावर आगीला आणखी काही लागत नाही.

म्हणून कंत्राटात पुढील अटी लिहून घ्या. वेल्डिंग, कटिंग किंवा ज्योत वापरण्याचे प्रत्येक काम त्या दिवसाच्या लेखी परवानगीनेच व्हावे. आसपासचे पडदे आणि झालरी आधी उतरवाव्यात. अग्निशामक घेतलेला एक माणूस काम संपल्यानंतरही किमान तासभर जागेवर थांबावा. आणि मुख्य विजेचे बटण रोज संध्याकाळी एका ठरलेल्या व्यक्तीने बंद करून वहीत सही करावी. विमा कंपनीला दुरुस्ती सुरू होत असल्याचे लेखी कळवा, कारण नेहमीच्या विम्यात बांधकामाच्या काळातील आग धरलेली असतेच असे नाही. कंत्राटदाराच्या बिलातील ठरावीक हिस्सा काम संपल्यावर काही महिने राखून ठेवा. आमच्या पहिल्या कंत्राटदाराला आम्ही विश्वासाने पूर्ण रक्कम दिली, आणि त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

९. चुना, लाकूड आणि आवाज

जुन्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. त्या ओलावा शोषतात आणि सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा केला की ओलावा आत अडकतो, तो मऊ विटेतून वाट काढतो, सोबतचे क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली जमतात, आणि काही वर्षांत विटेचा दर्शनी भाग भुगा होऊन गळू लागतो. सिमेंट विटेपेक्षा कठीण असल्याने ते तसेच राहते, वीट मात्र संपते. तेव्हा चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो; त्याचे थर पातळ द्यावे लागतात, प्रत्येक थर ओलसर ठेवावा लागतो आणि पुढचा थर देण्याआधी थांबावे लागते. घाई असलेला गवंडी चुन्यात गुपचूप सिमेंट मिसळतो. त्यावर लक्ष ठेवण्याचे काम स्वयंसेवक उत्तम करू शकतात.

आता फरशांकडे येऊ. नाट्यगृह म्हणजे अखेर ऐकण्याची जागा. हार्वर्डमधील एका व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नाही, अशी तक्रार आल्यामुळे १८९५ पासून तेथील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी त्याचा अभ्यास केला. जवळच्या नाट्यगृहातील गाद्या आणून, कमी-जास्त करून, आवाज विरायला किती वेळ लागतो हे ते रात्रीच्या शांततेत मोजत असत. त्यातून निघालेले सूत्र सोपे आहे: जागा जितकी मोठी तितका आवाज जास्त घुमतो, आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका कमी. नाटकातील संवाद स्पष्ट ऐकू येण्यासाठी आवाज साधारण एका सेकंदाच्या आसपास विरावा लागतो. संगीताला त्याहून अधिक वेळ मानवतो. लाकडी जमिनीच्या जागी गुळगुळीत फरशी, कापडी खुर्च्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या, किंवा उलट सर्वत्र जाड गालिचा, यांपैकी प्रत्येक बदल ते गणित बिघडवतो. पूर्वी शेवटच्या रांगेत कुजबुज ऐकू जायची असे जुनी माणसे सांगत असतील, तर काहीही बदलण्याआधी रिकाम्या प्रेक्षागृहात टाळी वाजवून तिचे ध्वनिमुद्रण करून ठेवा आणि ध्वनितज्ज्ञाला दाखवा. वातानुकूलनाच्या घरघरीचाही आधीच विचार करा; मायक्रोफोनविना चालणारे नाट्यगृह एका आवाजी पंख्यामुळे मायक्रोफोनवर येते.

१०. दार उघडताना

संपूर्ण काम संपण्याची वाट पाहू नका. फक्त तळमजला आणि रंगमंच सुरक्षित झाला असेल, तर बाल्कनीला कुलूप लावून, मर्यादित प्रेक्षकांत वाचन, तालमी, छोटे प्रयोग सुरू करा. मात्र अग्निशमन आणि प्रयोग परवाना नसताना, «फक्त आपलीच माणसे आहेत» असे म्हणून एकही कार्यक्रम करू नका.

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये ६०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते महिनाभरापूर्वी उघडलेले आणि अग्निरोधक म्हणून गाजवलेले नाट्यगृह होते. पण अग्निरोधक पडदा मध्येच अडकला, अनेक दारे कुलूपबंद होती आणि काही पडद्यांमागे दडलेली होती. तुमच्या नाट्यगृहात प्रत्येक दार बाहेरच्या दिशेने आणि किल्लीशिवाय उघडते का, हे प्रयोगाआधी दर वेळी स्वतः ढकलून पाहा. दिवे घालवून पन्नास स्वयंसेवकांना बाहेर पडायला सांगा आणि घड्याळ लावा. आम्ही हे केले तेव्हा विंगेजवळचे दार रंगाने चिकटले असल्याचे कळले, आणि तो रंग आम्हीच दिला होता.

पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी देखभालीची वही उघडा. तिच्या पहिल्या पानावर पन्हळी साफ करण्याच्या तारखा आणि त्या साफ करणाऱ्याचे नाव लिहा.